दरपत्रकात सोन्याची ओळ वेगळी लिहा: पीसीबी खरेदी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव परिसरातील इलेक्ट्रॉनिक्स व वाहन-सुटे भाग कंपन्यांचे खरेदी विभागप्रमुख आणि बोर्ड डिझाइन करणारे अभियंते यांस,

विषय: पीसीबीच्या किमतीतला सोन्याचा वाटा आणि वर्षभरासाठी गोठवलेले दर

सप्रेम नमस्कार.

वार्षिक रेट कॉन्ट्रॅक्टचे मेल सुटायची वेळ आली की त्यात दरवर्षीचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘चालू दरावर पाच टक्के कॉस्ट डाउन अपेक्षित.’ यंदा ते वाक्य टाइप करण्याआधी हे पत्र वाचावं, एवढी विनंती. आम्ही भोसरी एमआयडीसीत कोरे पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग ज्यावर बसतात ते छापील सर्किटचे बोर्ड, बनवतो. त्यावर सुटे भाग बसवण्याचं काम आमचं नाही. लॅमिनेट (तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला तक्ता) आणायचं, भोकं पाडायची, तांबं चढवायचं, नको ते एचिंगने (रसायनात विरघळवून) काढायचं, तांबं झाकणारा हिरवा सोल्डर मास्क मारायचा आणि शेवटी उघड्या राहिलेल्या तांब्यावर फिनिश, म्हणजे संरक्षक थर, द्यायचं. भांडण आहे ते या शेवटच्या टप्प्याचं.

२०१९ च्या सुरुवातीला १० ग्रॅम सोनं ३२ हजारांच्या आसपास होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते लाखावर गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक बाजारात सोन्याने औंसाला ४,००० डॉलर ओलांडले आणि चांदी ५० डॉलरच्या वर गेली. १९८० मध्ये आणि २०११ मध्ये ती याच आकड्यापाशी येऊन माघारी फिरली होती. घरात लग्नकार्य असेल तर ही बातमी तुम्हीही बारकाईने वाचली असेल. आम्ही ती प्लेटिंग शॉपच्या दारात उभं राहून वाचतो. या पत्रातल्या हिशेबासाठी मी सोनं ग्रॅमला १२,००० रुपये धरलं आहे. तुम्ही वाचाल त्या दिवशी आकडा वेगळा असेल, तो घालून गुणाकार करून पाहा.

तुमच्या ड्रॉइंगवर ‘सरफेस फिनिश: एनिग’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, उघड्या तांब्यावर आधी ३ ते ६ मायक्रॉन निकेल आणि त्यावर सुमारे ०.०५ मायक्रॉन सोनं. पेढ्यावरचा चांदीचा वर्खही याहून जाड असतो. या सोन्याला काम एकच: सोल्डरिंग होईपर्यंत निकेलला हवा लागू न देणं. बोर्ड रिफ्लो ओव्हनमध्ये (सोल्डर वितळवून भाग जोडणाऱ्या भट्टीत) गेला की सोनं सोल्डरमध्ये विरघळतं आणि सांधा खालच्या निकेलशी जुळतो. फिनिश सपाट येतं, बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिप) आणि बारीक पिचचे (पायांमध्ये कमी अंतर असलेले) आयसी नीट बसतात, बोर्ड कपाटात टिकतात. म्हणून एनिग सगळ्यांना आवडतं, आम्हालाही.

आता त्याची किंमत. एक चौरस सेंटिमीटरवर ०.०५ मायक्रॉन सोनं म्हणजे, घनता १९.३ धरून, साधारण ०.१ मिलिग्रॅम. रुपयांत, सव्वा रुपयाच्या आत. २०१९ च्या भावाने ते ३१ पैसे होत होते. एवढ्याशा पैशांवर कोण भांडेल, असं वाटेल. पण १०० बाय ८० मिलिमीटरचा दोन बाजूंचा बोर्ड घ्या आणि दोन्ही बाजू मिळून दहा टक्के तांबं उघडं आहे असं धरा. सोळा चौरस सेंटिमीटर. तेव्हा पाच रुपयांचं सोनं लागत होतं, आता साडेअठरा रुपयांचं लागतं. वीस हजार बोर्डांच्या ऑर्डरवर हा फरक २ लाख ७० हजार रुपयांचा आहे, आणि तो तुमच्या पीओमध्ये (खरेदी आदेशात) कुठेही दिसत नाही.

चौरस मीटरच्या भाषेत सांगायचं तर अशा बोर्डावर सोनं बसतं ०.१९ ग्रॅम, किंमत सुमारे २,३०० रुपये. त्याच बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेटवर ३५ मायक्रॉनचं जे तांबं येतं, त्याचं वजन ६१० ग्रॅम. किलोला ९०० रुपये धरले तर त्या धातूची किंमत साडेपाचशेच्या घरात. वजनाने तांब्याच्या तीन हजाराव्या भागाइतकं असलेलं सोनं किमतीत तांब्याच्या चौपट झालं आहे. शिवाय एचिंगमध्ये सुटलेलं तांबं वापरलेल्या एचंटमधून परत मिळतं. पॅडवर (भाग जोडायच्या उघड्या तांब्याच्या जागेवर) बसलेलं सोनं बोर्डासोबत तुमच्याकडे जातं.

हे झालं कागदावरचं सोनं. प्रत्यक्षात किमान ०.०५ मायक्रॉन हमखास द्यायचं तर सरासरी ०.०६ च्या वर ठेवावी लागते, कारण छोट्या-मोठ्या पॅडवर थर सारखा बसत नाही. थोडं सोनं धुण्याच्या पाण्यात जातं. ड्रॅग-आउटची टाकी (बोर्डाला चिकटून आलेलं द्रावण धुऊन घेण्याची) आणि सोनं धरून ठेवणाऱ्या रेझिनचा कॉलम लावून त्यातलं बरंचसं आम्ही पकडतो, पण ते रेझिन रिफायनरीत जाऊन पैसे हातात पडायला वेळ लागतो.

आणि टाकी. हा मुद्दा मी कुठल्याच खरेदी बैठकीत ऐकलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. २०० लिटरची इमर्शन गोल्डची (बोर्ड बुडवून सोनं चढवण्याची) टाकी, लिटरला १ ग्रॅम सोनं, म्हणजे टाकीत कायम २०० ग्रॅम. २०१९ मध्ये तेवढं सोनं ६ लाख ४० हजारांचं होतं, आता २४ लाखांचं. ते विकता येत नाही आणि बँक त्यावर कर्जही देत नाही. टाकी चालू ठेवायची तर ते तिथेच पडून राहणार. आम्ही ते पोटॅशियम गोल्ड सायनाइडच्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात घेतो. या गोल्ड सॉल्टमध्ये वजनाने ६८ टक्के सोनं असतं. गोल्ड सॉल्टचा पुरवठादार त्या दिवसाच्या भावाने देतो आणि पैसे आधी घेतो. तुमच्यापैकी बरेच जण आम्हाला ९० दिवसांनी देतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो, आणि २०२३ मध्ये आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम (उशिरा दिलेले असे पैसे खर्चात धरण्यावर बंधन घालणारं) आल्यापासून काही कंपन्या ते पाळू लागल्या आहेत. त्यांचे मनापासून आभार. बाकीच्यांना एवढंच सांगायचं आहे की त्या ९० दिवसांत सोनं दहा टक्के वाढलं, तर तुमच्याकडून आलेल्या पैशात तेवढंच सोनं परत टाकीत पडत नाही.

तुमच्याच खरेदी विभागात दोन टेबलं पलीकडे बसणारा सहकारी अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंग बघत असेल. तो पुरवठादाराला धातूच्या भावाप्रमाणे तिमाहीला दर सुधारून देतो. भाव वाढला तर जास्त देतो, उतरला तर कापून घेतो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. ट्रान्सफॉर्मर आणि केबलच्या खरेदीत ‘ईमा’ या उद्योगसंघटनेचं प्राइस व्हेरिएशन सूत्र वर्षानुवर्षं चालतं. वीज कंपन्यांच्या निविदांतही ते असतं. तांब्याला, अ‍ॅल्युमिनियमला, पोलादाला जे मिळतं ते सोन्याला मिळत नाही, कारण आमचा माल ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या रकान्यात बसतो आणि इलेक्ट्रॉनिक्स दरवर्षी स्वस्त व्हायलाच हवं असा तुमच्याकडे समज आहे. चिप स्वस्त होते ती सिलिकॉनच्या एका चकतीत जास्त चिपा बसवता येतात म्हणून. पॅडवरचं सोनं तसं आकसत नाही. ते आधीच एका मायक्रॉनच्या विसाव्या भागावर आलेलं आहे.

दर गोठवून ठेवल्यावर काय होतं, तेही सांगतो. तुमच्या रिव्हर्स ऑक्शनमध्ये (सर्वांत कमी दर देणारा जिंकतो त्या लिलावात) शेवटच्या काही मिनिटांत कोणीतरी असा आकडा टाकतो की त्यातून गोल्ड सॉल्टचाही खर्च निघू नये. तो जिंकतो. मग ऑर्डर पुरी करायची म्हणून दहा मिनिटं टाकीत राहायचा बोर्ड पाच मिनिटांत बाहेर निघतो. सोनं बसतं ०.०२ मायक्रॉन. डोळ्याला दोन्ही बोर्ड सारखेच पिवळे दिसतात. लगेच वापरले तर चालूनही जातात. पावसाळ्यात दोन महिने गोदामात पडले की पॅडला सोल्डर धरत नाही, तुमची लाइन थांबते, आणि मग दोषाचं मूळ कारण शोधणारा आठ रकान्यांचा तो ८डी रिपोर्ट भरायला सगळे बसतात. त्या रिपोर्टच्या मूळ कारणात ‘ऑक्शन’ असं लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

याला उपाय अवघड नाही. आयपीसी-४५५२ या एनिगच्या मानकात सोन्याची जाडी मोजण्यासाठी १.५ बाय १.५ मिलिमीटरचा पॅड सांगितला आहे. तसा एक पॅड पॅनेलच्या (अनेक बोर्ड एकत्र असलेल्या तक्त्याच्या) कडेला ठेवायला सांगा आणि प्रत्येक लॉटसोबत एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी जाडी मोजल्याचा) रिपोर्ट मागा. तुमच्याकडे यंत्र असेल तर अधूनमधून स्वतः तपासा. आमच्यातले जे पातळ सोनं देतात ते आणि जे पुरतं देतात ते, एका तक्त्यात शेजारी-शेजारी बसून नुसत्या किमतीवर तोलले जाणं तेव्हाच थांबेल.

आता डिझाइन करणाऱ्यांशी बोलतो, कारण खरी बचत तुमच्या हातात आहे.

एनिगच्या टाकीला पॅड आणि इतर तांबं यांतला फरक कळत नाही. सोल्डर मास्कने झाकलेलं नाही ते सगळं सोनेरी होतं. आमच्या कॅम टेबलवर (फाइल तपासून उत्पादनासाठी तयार करतो तिथे) येणाऱ्या गर्बर फाइलींमध्ये (बोर्डाच्या आराखड्यात) शेकडो व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी तांब्याची भोकं) विनाकारण उघड्या असतात. माउंटिंग होलभोवती रुपयाच्या नाण्याएवढी कडी असते, जिथे स्क्रूच्या डोक्यापुरती पुरली असती. बोर्डाच्या चारी कडांना ग्राउंडची उघडी पट्टी असते, जिला कुठलाही डबा टेकत नाही. पॅनेलच्या रेलवर तांबं उघडं सोडलेलं असतं, म्हणजे जी पट्टी मोडून भंगारात जाणार तिलाही सोन्याचा मुलामा. आणि कंपनीचा लोगो! सोन्यात उमटलेला लोगो देखणा दिसतो, कबूल. पण बंद डब्यात, बॉनेटच्या खाली तो बघणार कोण? पांढऱ्या शाईत छापा.

टेस्ट पॉइंट हवेत तिथे तांबं उघडं ठेवा. उष्णता बाहेर काढायची आहे तिथेही ठेवा. बाकीच्या व्हाया मास्कने झाका. वरच्या उदाहरणातले सोळा चौरस सेंटिमीटर दहावर आले, तर बोर्डामागे सात रुपये वाचतात; वीस हजार बोर्डांवर जवळपास १ लाख ४० हजार. फाइल पाठवण्याआधी अर्धा तास द्यावा लागेल, एवढंच.

दुसरं, जास्त सोनं म्हणजे जास्त चांगलं हा गैरसमज. काही ड्रॉइंगवर ‘सोनं किमान ०.१ मायक्रॉन’ असं येतं. हेतू चांगला असतो. पण इमर्शन सोनं वीज लावून चढत नाही. निकेल सुटतं आणि त्याच्या जागी सोनं बसतं. थर जाड करायला बोर्ड टाकीत जास्त वेळ ठेवला की खालचं निकेल जास्त खाल्लं जातं, आणि ज्याला आपण सगळे घाबरतो त्या ‘ब्लॅक पॅड’ला, म्हणजे गंजून सांधा नीट न धरणाऱ्या निकेलला, आमंत्रण मिळतं. म्हणून २०१७ च्या आयपीसी-४५५२ए मध्ये किमान जाडीबरोबर कमाल मर्यादाही घातली गेली: ०.१ मायक्रॉन. मानक जिथे थांबतं तिथून तुमचं ड्रॉइंग सुरू होतं आहे. याच्याही पुढचे काही जण गोल्ड फिंगरचं (सॉकेटमध्ये जाणाऱ्या, कार्डाच्या कडेच्या पट्ट्यांचं) जाड सोनं सोल्डर करायच्या पॅडवरही मागतात. सांध्यात सोन्याचं प्रमाण वजनाने तीन टक्क्यांच्या वर गेलं की सांधा ठिसूळ होतो. म्हणजे पैसे देऊन दोष विकत घेणं.

कात्री कुठे लावू नये, तेही स्पष्ट लिहितो. जे कार्ड सॉकेटमध्ये वारंवार काढायचं-घालायचं आहे, त्याच्या फिंगरला हार्ड गोल्डच (वीज लावून चढवलेलं कठीण सोनं) हवं, ०.७६ मायक्रॉन किंवा जास्त. एका चौरस सेंटिमीटरला दीड मिलिग्रॅम, सतरा-अठरा रुपये. महाग आहे, पण एनिगचं मऊ, पातळ सोनं तिथे घासून जातं. ‘एनिगवर भागवू या, साहेब’ म्हणणारा पुरवठादार भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मात्र ज्या कार्डाला कारखान्यात एकदाच बसायचं आहे त्याला एज कनेक्टर हवाच का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. रबरी बटणांखालच्या पॅडला तर कित्येक ठिकाणी कार्बनची शाई पुरते.

पर्यायी फिनिशबद्दल थोडक्यात. एलईडी ड्रायव्हर, यूपीएस, चार्जर अशा मोठ्या पॅडच्या बोर्डांना लेड-फ्री हॅसल (शिसं नसलेल्या सोल्डरचा, गरम हवेने पसरवलेला थर) पुरतं. ते उंचसखल येतं, म्हणून बारीक पिचला घेऊ नये. ओएसपी (तांब्यावरचा पातळ सेंद्रिय थर) सर्वांत स्वस्त, पण हाताळणी सांभाळावी लागते आणि पुन्हा पुन्हा रिफ्लो केलेला त्याला चालत नाही. इमर्शन सिल्व्हरकडे मात्र आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि चांदी महागल्याच्या बातम्यांनी आता आणखीच बघणार नाही. हिशेब करून पाहा: त्याच सोळा चौरस सेंटिमीटरवर ०.२ मायक्रॉन चांदी म्हणजे साडेतीन मिलिग्रॅमच्या आत. किलोला दीड लाख भाव धरला तरी पन्नास पैसे. चांदी दुप्पट झाली तर एक रुपया. तिची अडचण भावाची नाही, गंधकाची आहे. डिस्टिलरीच्या मळीवर चालणाऱ्या बायोगॅस प्रकल्पात, सांडपाण्याच्या पंपघरात, जिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, तिथे ती काळी पडते. अशा जागी जाणारं पॅनेल असेल तर सोनंच घ्या. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या बोर्डाला चांदी का नको, याचं उत्तर मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. (चांदीची झळ खरी लागते ती तुमच्या असेंब्लीत. एसएसी३०५ सोल्डरच्या एका किलोत ३० ग्रॅम चांदी असते. पण तो तुमचा आणि सोल्डरवाल्याचा हिशेब.)

धातूचा भाव डिझाइन बदलायला लावतो, हे नवीन नाही. भोकांच्या आत तांबं धरावं म्हणून आम्ही जो अ‍ॅक्टिव्हेटर वापरतो त्यात पॅलेडियम असतं, अगदी थोडं. जानेवारी २००१ मध्ये पॅलेडियम औंसाला हजार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा सिरॅमिक कपॅसिटर बनवणाऱ्यांनी आतले इलेक्ट्रोड पॅलेडियमवरून निकेलवर नेण्याचा वेग वाढवला, आणि आज बहुतेक कपॅसिटर निकेलवरच चालतात. त्याच काळात फोर्ड कंपनीने चढ्या भावात पॅलेडियमचा साठा करून ठेवला आणि भाव कोसळल्यावर सुमारे एक अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. पुढे रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा, मार्च २०२२ मध्ये, पॅलेडियम ३,००० डॉलरवर गेलं, आणि दोन वर्षांच्या आत हजाराच्या खाली आलं. भाव कायम चढतच राहतात असं मी म्हणत नाही. म्हणून एकदाच दर वाढवून द्या, अशी मागणीही करत नाही. साठा करून जुगार खेळायची आमची ऐपत नाही आणि इच्छाही नाही.

मागणी अशी आहे. बोर्डाच्या दराचे दोन भाग करा. लॅमिनेट, ड्रिलिंग, मजुरी, वीज, आमचा नफा हा एक भाग. त्यावर वर्षभराचा करार करा, घासाघीस करा, जमलं तर पाच टक्केही मागा. सोनं हा दुसरा भाग. तुमच्या गर्बर फाइलमधून उघड्या तांब्याचं क्षेत्रफळ कॅम सॉफ्टवेअर चौरस सेंटिमीटरमध्ये काढून देतं. त्यात कोणाला फसवायला जागा नाही, तुमचा अभियंताही तोच आकडा काढू शकतो. क्षेत्रफळ गुणिले ठरलेली जाडी गुणिले घनता, वर प्रक्रियेतल्या घटीचा करारात ठरवलेला टक्का. भाव कुठला धरायचा, तर मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज ९९९ शुद्धतेचा दर जाहीर करते. रिझर्व्ह बँकेने सुवर्ण रोख्यांची किंमत याच दरावरून ठरवली होती. तुमच्या ऑडिटरला याहून भक्कम आधार लागणार नाही. त्या दराची मागच्या महिन्याची सरासरी घ्यावी आणि ती मूळ दरापासून पाच टक्क्यांच्या आत असेल तर काहीच बदलू नये. त्यापलीकडे गेली तर फरक इनव्हॉइसवर वेगळ्या ओळीत यावा, चढला तर तुम्ही द्यावा, उतरला तर आम्ही वजा करावा.

काही जण म्हणतील, हे सरकारला सांगा. सांगत असतोच. सोन्यावरचं आयात शुल्क २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर गेलं आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ६ टक्क्यांवर आलं. दोन्ही वेळा डोळ्यांसमोर दागिने होते, टाकीतलं सोनं नव्हतं. जून २०२५ मध्ये मौल्यवान धातूंच्या संयुगांच्या आयातीवर निर्बंध आले. रसायनाच्या नावाखाली सोनं आणणाऱ्यांना रोखायचं होतं, ते योग्यच. पण दिल्लीत काहीही ठरलं तरी औंसाचा भाव तिथे ठरत नाही, आणि आमचा ९० दिवसांचा फरक तर चाकणलाच मिटू शकतो.

पुढच्या कोटेशनपासून आम्ही प्रत्येक पार्ट नंबरसमोर तीन आकडे वेगळे देणार आहोत: उघड्या तांब्याचं क्षेत्रफळ, सोन्याचे मिलिग्रॅम, आणि त्या दिवशी धरलेला भाव. तुमच्या पुरवठादार पोर्टलवर यासाठी रकाना नाही. सध्या ‘शेरा’ या जागेत लिहू. तो रकाना तयार करून घ्यायला तुमच्या आयटी विभागाला किती दिवस लागतील, ते कृपया कळवावं.

आपला,
भोसरीतील एक पीसीबी उत्पादक